कॅरम खेळ ठरला तेव्हा

कॅरम हा खरा खेळ ठरला, तर क्रेनचालकाच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: वर्षाला आठ दिवसांची भरपगारी रजा, यार्डाच्या फाटकाशी फोटो आणि मेहुण्याचं तोंड बंद. तिसरीसाठी तो पहिल्या दोन्ही सोडायला तयार होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. यार्डात याच्याच क्रेनखाली उभा राहून हातवारे करायचा: वर, खाली, थांब. क्रीडा समितीचा चिटणीसही तोच. कॅरमला यार्डाच्या खेळांच्या यादीत घ्यायचं का, यावर समितीचं मतदान होणार इतक्यात तो उठला.

"बसल्या जागी बोटं हलवायची, याला खेळ म्हणायचं असेल तर आमच्या कॅशियरला ऑलिंपिकला पाठवा. दिवसभर नोटा मोजतो बिचारा!"

समिती खदखदून हसली. क्रेनचालक सोडून.

"घाम नाही, धाप नाही. दाजी, फार तर करमणूक म्हणा."

"तुझ्या पोटात का दुखतंय रे? तीन वर्षं चषक माझ्या घरात आहे म्हणून?"

"दुखतंय, असं समजा. पण यादीत घालू नका. हात जोडतो." आणि त्यानं खरोखरच हात जोडले.

सात विरुद्ध चार. कॅरम खेळ ठरला. क्रेनचालकानं मेहुण्याच्या पाठीवर जरा जोरातच थाप मारली. मेहुणा पांढराफटक पडला होता. हरणं इतकं मनाला लावून घेणारा माणूस यार्डानं पाहिला नव्हता.

सोमवारी यादीतल्या खेळाडूंची तपासणी निघाली. क्रेनचालक निवांत होता. त्याचा डावा डोळा सहा वर्षांपूर्वी कायमचा गेला होता, पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं, बायकोलाही नाही. एका डोळ्याच्या माणसाला क्रेनवर कोण चढू देईल? यार्डाच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता त्याला तोंडपाठ होता. दरवर्षी धडाधडा म्हणून मोकळा व्हायचा.

पण खेळाडू तपासायला डॉक्टरीणबाई बाहेरून आल्या होत्या. त्यांनी तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला.

"किती बोटं?"

"तीन," त्यानं ठोकून दिलं.

"मी हात वर केलाच नव्हता."

यादी घेऊन दारात उभा असलेला मेहुणा आत आला.

"केव्हापासून दिसत नाही?" बाईंनी विचारलं.

"सहा वर्षं," उत्तर मेहुण्यानं दिलं. "डाव्या कोपऱ्यातली सोंगटी मारायची तर दाजी अख्खी मान वळवतात. कॅरमवरच कळलं मला. तेव्हापासून मी खाली कायम यांच्या उजव्या अंगाला उभा राहतो. माणसं हटल्याशिवाय हात हलवत नाही. सहा वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही, बाई."

आता कुठे क्रेनचालकाच्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेरची तपासणी फक्त यादीतल्या खेळाडूंचीच होते. चिटणिसाला ते आधीच माहीत होतं, म्हणून तर त्यानं हात जोडले होते.

"म्हणजे यांनी लपवलं?" बाईंनी पेन उचललं.

"त्यांनी नाही. डोळा हळूहळू गेला, त्यांना पत्ताच लागला नाही. माहीत होतं ते मला. मी बोललो नाही. तसंच लिहा."

क्रेनचालकानं तोंड उघडलं. बाई लिहायच्या थांबल्या. मेहुण्यानंही त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं तोंड मिटलं.

नकळत आजार जडलेल्या खेळाडूला कामावरून काढता येत नाही, असा नियम निघाला. क्रेनचालकाला वजनकाट्यावरचं बसून करायचं काम मिळालं आणि आठ दिवसांची रजाही. धोका माहीत असून लपवला म्हणून मेहुण्याला त्याच आठवड्यात घरी बसवलं.

रविवारी तो बहिणीकडे आला. तिनं दार अर्धंच उघडलं.

"माझा नवरा आंधळा होत होता, आणि तू सहा वर्षं गप्प? भाऊ म्हणायची लाज वाटते मला. पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस."

मेहुण्यानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. क्रेनचालक बोर्डावर पावडर पसरत होता. त्यानं मान वर केली नाही.

मेहुण्याची नोकरी गेली, बहीण गेली. क्रेनचालकाला खर्च होता तो एका वाक्याचा. तेवढाही त्यानं केला नाही.