सातवा उमेदवार

"आणखी एक," दिग्दर्शक म्हणाला. शर्वाणीने पुन्हा तेच पान उघडलं. विनोदी मालिकेची नायिका ती. पडद्यावरचा प्रियकर तिच्यासोबत वाचन केल्याशिवाय ठरायचा नाही, हा तिचाच हट्ट. सकाळपासून आलेल्या सहाही देखण्यांनी तिची वाक्यं तोडून स्वतःचे हशे वसूल केले होते.

सातवा मात्र तिचं वाक्य संपेपर्यंत थांबला, खोलीतले लोक हसून होईपर्यंतही थांबला, मगच बोलला. सगळा हशा तिच्याच पदरात! शर्वाणीच्या मनात पाल चुकचुकली. या धंद्यात फुकट कोण देतं? नक्की निर्मात्याचा माणूस. आज गोड बोलून शिरेल, वर्षभरात मालिका खिशात घालेल.

"कुणी पाठवलं रे तुला?" तिने सरळच विचारलं.

"कुणी नाही, ताई. पाच वर्षं याच सेटवर आहे. तुमच्यामागे वेटर, पोस्टमन, वऱ्हाडी, सगळं झालोय. तुम्ही कुठे श्वास घेता ते पाठ झालंय."

शर्वाणीला त्यातला एकही चेहरा आठवेना.

"घ्या याला," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "पाच वर्षं पाठीमागे होता. आता समोर असू दे, म्हणजे लक्ष तरी ठेवता येईल."