एका प्रेक्षकाचं मत

मालिकेचा भाग संपला आणि ‘तुमचं मत’ सुरू झालं, तशी आईने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. समोर दोन कप चहा होता. एक तिचा. दुसरा शेजारणीचा नव्हे. तिला पित्ताचा त्रास, ती चहाला शिवतसुद्धा नाही.

शेजारीण खालच्या मजल्यावर कपडे शिवते. आज हातातलं काम टाकून, गळ्यात टेप तशीच ठेवून वर आली होती. आज मालिकेचा लेखक स्वतः येऊन प्रेक्षकांच्या मतांना उत्तरं देणार होता, आणि लेखक म्हणजे या आईचा एकुलता एक मुलगा.

“बारीक झालाय,” आई म्हणाली.

“टीव्हीत माणूस जाडच दिसतो काकू. म्हणजे प्रत्यक्षात अजून बारीक असेल,” शेजारीण म्हणाली आणि तिने जीभ चावली.

मालिकेत एक विसराळू बाप आहे, एक बडबडी आई आहे आणि दर रविवारी न चुकता घरी येणारा मुलगा आहे. आठवडाभर नवरा-बायको एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात आणि रविवारी मुलगा दारात उभा राहिला की शहाण्यासारखी वागतात. लोक पोट धरून हसतात. या आईलाही सुरुवातीला हसू यायचं. खरा मुलगा दीड वर्षात फिरकला नव्हता. फोन केला की “आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो” एवढं एका दमात बोलून ठेवून द्यायचा. ते नंतर काही उजाडत नसे. पण प्रेक्षकांचं एकूण एक मत मी स्वतः वाचतो, असं त्याने एका मुलाखतीत छातीठोकपणे सांगितलं होतं. आईने ते बरोबर ध्यानात ठेवलं, आणि गेल्या सोमवारी शेजारणीच्या फोनवरून आपलं मत धाडून दिलं. खाली नाव घातलं नाही.

“वाचलं की कळेल त्याला,” ती म्हणाली होती. “जन्मभर माझी बोलणी खाल्लीत.”

निवेदिकेने एक कार्ड उचललं. “एका प्रेक्षकाने नाव न देता लिहिलंय. मुलगा दर रविवारी घरी येतो, हे काही खरं वाटत नाही. आणि आई दोन कप चहा करते, एक तसाच गार होतो, मग तोही तीच पिते, यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.”

“काकू, तुमचंच!” शेजारणीने आईचा दंड धरला.

मुलगा हसला. मग त्याने हनुवटी खाजवली. लहानपणी चोरी पकडली गेली की तो अशीच खाजवायचा. कळलं त्याला, आई मनात म्हणाली, ओळखलं त्याने मला.

“चहाचा विनोद मात्र राहणार हं,” मुलगा म्हणाला. “लोकांना फार आवडतो तो. माझ्या आईवरूनच घेतलाय. ती असंच करायची.”

“मग आई काय म्हणते मालिका बघून?”

“आई? तिला सगळंच आवडतं. तिची कधी कसली तक्रारच नसते.”

स्टुडिओत टाळ्या पडल्या.

“पण पहिला मुद्दा पटला मला,” तो पुढे म्हणाला. “दर रविवारी कोण येतं हो घरी? जरा गुळगुळीतच झालंय ते. पुढच्या महिन्यापासून मुलाचं येणं बंद. फार तर फोन करेल. या प्रेक्षकाचे अगदी मनापासून आभार.”

आणि साबणाची जाहिरात लागली.

शेजारणीचा पारा चढला होता. “थांबा, आत्ताच्या आत्ता लिहिते त्याला. म्हणते, बाबा रे, तो प्रेक्षक म्हणजे तुझी जन्मदाती आई आहे.”

“काही नको.”

“अहो, पण काकू...”

“चारचौघांत त्याला खाली बघायला लावू होय?”

जाहिराती एकामागून एक येत राहिल्या. आईने आवाज बंद केला.

“एक तरी येत होता गं रविवारचा,” ती म्हणाली. “तोही मीच बंद केला.”

शेजारीण टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“फोन काढ तुझा,” जरा वेळाने आई म्हणाली. “लिही. मुलगा आला नाही तरी चालेल. फोन तेवढा काढून टाकू नका.”

“नाव घालू?”

“नको.”

शेजारणीने लिहिलं आणि पाठवलं. तिने फोन खाली ठेवायच्या आत तो वाजला.

“काय म्हणतायत?”

“आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे,” शेजारणीने वाचून दाखवलं.

“उत्तर मात्र लगेच येतं,” आई म्हणाली, आणि तिने गार झालेला दुसरा कप उचलला.