अनुसयेच्या दारी पोळा

बैल दारात येऊन उभा राहिला, तरी अनुसया उठली नाही.

झोपडीच्या कुडातून तिला सगळं ऐकू येत होतं. वस्तीतली पोरं ओरडत होती, कोणीतरी रिकामं पिंप बडवत होतं, आणि तुलसीरामबाबा घोगऱ्या आवाजात दटावत होते, "अरे हळू! बैलाचा सण आहे, तुमचा नव्हे."

तुलसीरामबाबा वस्तीतले सर्वांत वडीलधारे. समुद्रापारच्या बेटावर, प्लेन दे पपाय गावच्या या उसाच्या मळ्यावर नाशिक-नगरकडची पंधरा-वीस घरं होती, आणि कोणता सण कधी, ते बाबा सांगत. आठ दिवसांपूर्वी त्यांनी सांगितलं, येत्या रविवारी पोळा. लगेच घरोघरी शिध्यातली डाळ मूठमूठ बाजूला पडू लागली. मळ्याच्या गोऱ्या मालकाकडून गाडीचा एक बैल दुपारपुरता मागून घेतला. कारखान्यातून उसाचा रस निवळायचा चुना आणला. बाबांनी पोरांना भोवती बसवून तो हळदीत कालवून दाखवला. पिवळ्याचं लालभडक झालं तेव्हा पोरं हरखून गेली. त्याच रंगाने शिंगं रंगली. साखरेच्या जुन्या गोणीची झूल झाली.

अनुसयेने हे सगळं पाहिलं होतं आणि तिला काहीच वाटलं नव्हतं. पोळा आला काय, गेला काय.

तिला काय झालं होतं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. तिलाही नाही. कोणी मेलं नव्हतं. नवरा बाबूराव साधा, कधी हात न उगारणारा माणूस. गिरमिटावर, म्हणजे मळ्यावरच्या मजुरीच्या करारावर, अंगठा उठवून शिडाच्या जहाजात बसल्याला तीन वर्षं झाली होती, आणि त्यातली पहिली दोन तर ती हसतखेळत राहिली होती. मग कधीतरी आधी बोलणं गेलं, मग भूक, मग झोप. पहाटे मळ्यावरची घंटा झाली की छातीत धडधड सुरू होई, ती दिवसभर उसाच्या मोळ्या बांधताना थांबत नसे. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं माहेरची ओढ. दोन आठवड्यांपूर्वी ती विहिरीवर गेली आणि घागर खाली ठेवून आत पाहत उभी राहिली. किती वेळ, तिला माहीत नाही. बाबूराव शोधत आला. त्याने हाताला धरून घरी आणलं. त्या दिवसापासून पाणी तोच भरत होता.

"अगं अनुसये!" बाहेरून शेजारच्या हिराआत्याची हाक आली. "हा काही पुढे सरकत नाही बघ. तुझ्या हातून पोळी खाल्ल्याशिवाय हलायचा नाही. आम्ही काय दिवे लागेपर्यंत इथेच ताटकळायचं?"

"मी मागून ढकलू का?" इंद्राणीने विचारलं. ती सहा वर्षांची होती.

"ढकल की. लाथ बसली म्हणजे पोळा कसा असतो ते जन्मभर लक्षात राहील," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले.

अनुसयेला हसू आलं नाही. पण दारात आलेलं जनावर तसंच उभं ठेवायचं, हे तिच्याने होईना. तिने पाण्याचा तांब्या घेतला, कुंकवाची डबी घेतली, हिराआत्याने सकाळीच आणून ठेवलेली पुरणाची पोळी घेतली, आणि ती बाहेर आली.

तिने बैलाच्या खुरांवर पाणी घातलं. पोळी भरवली. खरखरीत ओली जीभ तिच्या तळव्यावरून दोनदा फिरली. जीभ ऊबदार होती. मग कुंकू लावायला तिने मान वर केली. बैल चांगला उंच होता. त्याच्या रंगवलेल्या शिंगाच्या वर, उतरत्या दुपारच्या स्वच्छ आभाळात, अर्धा चंद्र होता.

ती पाहतच राहिली.

"बाबा," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "आज पोळा नाही. पोळा अमावस्येचा. हा काय वर चंद्र!"

बाबांनी डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "म्हातारा झालो गं पोरी. मग खरा पोळा कधी?"

अनुसया बोटांच्या पेरांवर मोजू लागली. आज अष्टमी. सात दिवसांनी पौर्णिमा. तिथून पुढे पंधरा.

"अजून बावीस दिवस."

"मग त्या दिवशी पुन्हा करू. पण माझ्या मोजण्याचा आता भरवसा नाही. तू मोजशील?"

"मोजेन."

"रोज?"

"रोज मोजेन, बाबा."

हिराआत्याने पदर डोळ्यांना लावला. अनुसयेला मात्र राग आला होता, आणि कितीतरी दिवसांनी आलेला तो राग तिला बरा वाटत होता. ती बाबूरावकडे वळली. तो बैलाचा कासरा धरून उभा होता.

"अहो, एवढी माणसं, आणि एकालाही वर बघायचं सुचलं नाही? आठ दिवस नुसती डाळ जमवत बसलात!"

बाबूरावने कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"सगळ्यांना ठाऊक होतं," तो म्हणाला. "पोळा आधीच करा म्हणून मीच बाबांच्या पाया पडलो. अमावस्येपर्यंत थांबायचा मला धीर नव्हता."