कुणाकडे राहायचं

“उद्या कोर्टात विचारतील तेव्हा अम्मीचं नाव सांग,” अब्बा म्हणाले. चष्म्याच्या दांडीत ते इवलासा स्क्रू बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सोळा वर्षांची त्यांची मुलगी काउंटरच्या अलीकडे उभी होती. ‘मी तुमच्याकडे राहीन’ एवढं सांगायला ती आली होती. वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. ते वाक्य तसंच परत घेऊन ती दुकानाची पायरी उतरली.

घरी अम्मी नुकतीच ड्यूटीवरून आली होती. दवाखान्यात ती लोकांचं रक्त काढायची. दुखणारं काम झटक्यात उरकायची तिला सवय होती.

“उद्या अब्बांकडे राहते म्हण,” चपला काढता काढता ती म्हणाली. “मी विचार केलाय.” आणि हात धुवायला गेली.

इकडे आड तिकडे विहीर असते, हे मुलीने ऐकलं होतं. दोन्हींवर झाकण असतं, हे नवीन होतं.

अकरा महिने घरात तलाकचं चाललं होतं. मामूंनी समजावलं, चाचांनी समजावलं, मशिदीतल्या मौलानांनी दोनदा समोर बसवून समजावलं, मग तेही थकले. तेवढ्या काळात मुलीची दुआ आखूड होत गेली. आधी ती मागायची, दोघं एकत्र राहू देत. मग मागू लागली, निदान भांडायचं थांबू दे. त्या संध्याकाळी नमाजनंतर हात पसरले तर मागायला काही सुचेना. तिने जानमाज गुंडाळून ठेवली आणि उद्याच्या कपड्यांना इस्त्री केली.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी तिला एकटीला आत घेतलं, दार लोटलं. “बोल बाळा, कुणाकडे राहायचंय?”

“तुम्हीच ठरवा. कपाटावरून ते भांडले. कुकरवरून तर दोन आठवडे भांडले. माझ्यावरून कुणीच भांडलं नाही. नुसती टोलवाटोलवी चालू आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. दोघांना आत बोलावलं आणि लेकीचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं.

“तसं नाही हो,” अब्बा म्हणाले. “हिची अम्मी एकटी असली की चूल पेटवत नाही. ओट्याशी उभी राहून बिस्किटं खाते. मुलगी असली तर दोन घास शिजतील तरी. मी काय, दुकानामागच्या खोलीत कसाही पडून राहीन.”

“कसाही म्हणजे?” अम्मी उसळली. “शुगर आहे ह्यांना. गोळी घेतली का म्हणून विचारायला कुणी नको? मला निदान दवाखान्यात चार माणसं भेटतात.”

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मग वेगळे का होताय?”

“एकत्र असलो की दोघंही उपाशी राहतो,” अम्मी म्हणाली.

अब्बांनी मान हलवली. अकरा महिन्यांत एवढं एकमत त्यांचं कधी झालं नव्हतं.

तलाक टळला नाही. बाईंनी कागदावर लिहिलं, मुलगी दोन्हीकडे राहील, वार आईवडिलांनी आपसात ठरवावेत. तिघं व्हरांड्यात आले.

“शुक्रवारी माझ्याकडे,” अब्बा म्हणाले. “दुपारनंतर दुकान बंद असतं.”

“शुक्रवारी माझी सुट्टी असते. तुम्ही सोमवार घ्या.”

“सोमवारी तिला शाळा, क्लास. मी काय तिचं दप्तर सांभाळू? आणि तुला शनिवार-रविवारही हवा असेल!”

“हवाच आहे!”

आवाज चढले. बाकांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. आतून शिपाई लगबगीने आला. “ओ, भांडायचं असेल तर खाली जा.”

मुलगी बाकावर बसली. तिने ओढणी सारखी केली, पाय सैल सोडले.

“पाच मिनिटं भांडू द्या ना, काका,” ती म्हणाली. “माझ्यावरून चाललंय.”