झाडाच्या पेटीतलं मत

“एक कुनाचं?” पाटलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

चर्चमधली रविवारची मिसा आटोपून सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर जमला होता. वाळत टाकलेल्या जाळ्यांच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. देशातली पहिली निवडणूक पार पडली होती आणि मोजणीला बसलेला पाटलांचा पुतण्या ज्युलियस आकडे घेऊन आला होता. कोळीवाड्याच्या यादीत तीनशे अठरा नावं. सगळ्यांनी मत दिलेलं. बैलजोडीच्या पेटीत तीनशे सतरा मतं. झाडाच्या पेटीत एक.

त्या वेळी कागदावर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत आपली चिठ्ठी टाकायची.

मतदानाच्या दिवशी एकही होडी दर्यात गेली नव्हती. दोन आजाऱ्यांना तर खाटेवरून उचलून आणलं होतं. जमातीनं बैलजोडी ठरवली होती. ‘आमचं एक मत इकडचं तिकडं होणार नाही,’ असा शब्द पाटील वसईला जाऊन बैलजोडीच्या उमेदवाराला देऊन आले होते. एका चिठ्ठीनं तो खोटा पाडला.

हळूहळू सगळ्या नजरा सेबेस्टियन मास्तरांकडे वळल्या.

मास्तर झाडाच्या बाजूचे, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून ते पाटलांशी वाद घालत. मत कसं द्यायचं हेही कोळीवाड्याला त्यांनीच शिकवलं होतं. शाळेत पत्र्याचे दोन डबे मांडले, त्यांवर मुलांकडून बैल आणि झाड काढून घेतलं आणि बायकांच्या हातात वालाचा एकेक दाणा दिला. पहिल्या दिवशी बायका नुसत्या हसत सुटल्या. एकीनं तर दाणा पदराला बांधून घरी नेला. मास्तर चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. “पडद्याआड तुम्ही आणि तुमचं मन. तिथं पाटील नाही, नवरा नाही, मीसुद्धा नाही. घाबरायचं नाही.”

मतदानाच्या आदल्या दिवशी पाटील शाळेच्या दारात आले होते. आत न येता एवढंच म्हणाले होते, “मास्तर, शालेची जागा जमातीची हाय. ध्यानात असू द्या.”

आता तेच पाटील हसत म्हणाले, “काय मास्तर, पोरांला उभं करून विचारता ना, कुनी केलं म्हनून? आज तुमीच उभे राहा!”

माणसं खो खो हसली. मास्तरांची मान खाली गेली. कानशिलं तापली. ते वाळूत रुतलेल्या आपल्या चपलांकडे बघत राहिले.

“त्यांना कशाला विचारता? ते मत माजं हाय.”

जाळ्यांपलीकडून रोझलीन पुढं आली. तिचा नवरा दर्यानं नेला होता. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती रोज माणिकपूरच्या बाजारापर्यंत चालत जाई आणि दोन पोरं पोसत असे.

“तुजं?” पाटलांचं हसू मावळलं. “कुनी शिकवलं तुला?”

“शिकवलं मास्तरांनी. टाकलं मी. मना पटलं त्या पेटीत टाकलं.”

पाटलांनी बसल्या जागी निवाडा दिला. “महिनाभर हिला कुनी होडीवरचं म्हावरं द्यावाचं नाय.”

रोझलीनच्या सख्ख्या दिरानंही मान फिरवली. बघता बघता किनारा रिकामा झाला.

ती घराकडे वळली तेव्हा मास्तर धापा टाकत तिच्या मागं गेले.

“रोझलीन, गप्प का नाही बसलीस बाई? महिनाभर पोरांना काय घालशील?”

“खरं होतं ते बोलले, मास्तर.”

ती जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बेरीज अडलेल्या पोरीसारखी ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होती.

“मना येक समजत नाय,” ती शेवटी म्हणाली. “झाडाच्या पेटीत येकच मत निघालं. ते माजं. मग मास्तर, तुमचं कुठं गेलं?”