मेडशीच्या चढावरची फेरी

देवमन हिवताप खात्यात कामाला होता. मेडशीच्या जंगलातल्या वाड्यांवर सायकलनं जायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं आणि घराच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात एकदा मुरमाचा लांब चढ सायकल ढकलत तो शेवटच्या वाडीत पोचला, तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत होत्या.

पहिल्याच घरावर आजची तारीख होती. खाली त्याचीच सही.

"सकायीच त येऊन गेले तुमी," म्हातारी चंपाबाई म्हणाली. "म्हने, लय थकलो, आता सिद्दा घरी जातो."

प्रत्येक भिंतीवर तेच. देवमन इतका दमला होता की क्षणभर त्याला बरंच वाटलं. काम तर झालं होतं. मग एकदम घर आठवलं. त्यानं सायकल वळवली आणि ब्रेक न दाबता, खडी उडवत उतार संपवला.

दिवस मावळताना तो दारात पोचला. बायकोनं, लिलाबाईनं, दार अर्धंच उघडलं आणि परक्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"ते जेवून निजले, भाऊ. उद्या या."

आत खाट करकरली. देवमनच्याच आवाजात कोणीतरी विचारलं, "कोन आहे वं?"