तिसरं कडवं

"गिटार बाहेर ठेव, डिलर्ड," पास्टर हॉबर्ट म्हणाले. "कॅमेरे आत आलेत तेवढं पुरे. या छताखाली गळ्याशिवाय दुसरं वाद्य कधी वाजलेलं नाही. तू इथलाच आहेस, तुला वेगळं काय सांगायचं!"

डिलर्ड हसला आणि गिटार पडवीत टेकवून आला. पुढच्या बाकावरच्या मेव्हिसबाईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं. "दात कुठून आणलेस रे इतके पांढरे? लहानपणी तर हसलास की अंधारच दिसायचा!"

सगळं चर्च हसलं. ऑर्बिन तेवढा हसला नाही. तो भिंतीजवळ, ओळ सांगणाऱ्याच्या जागेवर बसला होता. तिथल्या खिडकीतून टेकडीवरच्या कबरी दिसायच्या. ऑगस्टमधला हा रविवार गेलेल्या माणसांच्या आठवणीचा, म्हणून सगळ्या कबरींवर ताजी फुलं होती. बायकोच्या, डेल्फीच्या, कबरीवर तो सकाळीच झेंडू ठेवून आला होता.

गाणं डेल्फीचं होतं. आजारपणात, अंथरुणावर पडल्या पडल्या तिने ते केलं. उशाशी बसून तिच्या भाच्याने, या डिलर्डने, ते उचललं. आधी ते भजनांच्या रेडिओवर लागलं, मग खेड्यापाड्यांतल्या गाण्यांच्या रेडिओवर, मग थेट शहरांत. चर्चची पायरी न चढणारी माणसंही आता बारमध्ये पेला उंचावून 'कडी लावू नकोस, देवा' म्हणत होती. ट्रक चालवताना प्रार्थना करत होतो, तेव्हा सुचलं, असं डिलर्ड दर मुलाखतीत सांगायचा. डेल्फीने जाण्यापूर्वी तेही ऐकलं.

"जाऊ दे," ती म्हणाली होती. "गाणं पोचलं ना लोकांपर्यंत? झालं तर."

ऑर्बिनने जाऊ दिलं नव्हतं.

कॅमेऱ्यावर लाल दिवा पेटला. इथलं सगळं आता त्याच क्षणी घराघरांत दिसत होतं.

"ओळ कोण सांगतंय?" पास्टरांनी विचारलं.

ऑर्बिन उठला. "मी."

या चर्चमध्ये कुणी एकट्याने गात नाही. एक जण ओळ झरझर सांगतो आणि मग सगळे मिळून ती ओढतात, एकेक शब्द छातीतला श्वास संपेपर्यंत. डिलर्डला ही रीत ऑर्बिननेच शिकवली होती, मांडीवर बसवून. कानावर पडली की उचलायची, बाळा. विचार करत बसलास की मागे राहशील.

डिलर्डचे डोळे भरून आले होते. तो हळूच म्हणाला, "काका, मला वाटलं होतं तुम्ही माझ्यावर रागावलाय."

"नीट उभा राहा. मेव्हिसचा हात धर."

ऑर्बिनने ओळ दिली. 'कडी लावू नकोस, देवा, मी अजून अंगणात आहे.' सगळ्यांनी ती उचलली. बारमध्ये वाजायची त्यापेक्षा कितीतरी संथ, जड, डोंगर चढणाऱ्या माणसाच्या चालीची. 'हात मातीचे आहेत माझे, धुऊन येते, थांब जरा.' मेव्हिसबाईंच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. दुसरं कडवंही झालं. जगाला ही दोनच कडवी ठाऊक होती. डिलर्डने मान लववली आणि खाली बसायला तो जरा वाकला.

ऑर्बिन बसला नाही. त्याने पुढची ओळ दिली.

'कडी उघडू नकोस, देवा, माझे हात चोराचे आहेत.'

डिलर्ड क्षणभर चपापला. पण बाकांनी ओळ उचलली होती आणि त्याचा गळाही त्यांच्याबरोबर केव्हाच उठला होता. पापाची कबुली देणारी गाणी या चर्चला नवी नव्हती. त्याने डोळे मिटले आणि जीव ओतून गायला लागला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ सरकला.

'मरणाऱ्या आत्याच्या ओठांवरून मी गाणं चोरून नेलं.'

ही ओळही त्याने उचलली. 'मरणाऱ्या' लांब ओढलं. 'आत्याच्या'ही ओढलं. 'ओठांवरून'ला त्याचे डोळे उघडले. पुढचे शब्द त्याच्या तोंडातून आलेच नाहीत, पण ते त्याच्या भोवतीच्या प्रत्येक तोंडातून येत होते, हळू, खूप हळू. मेव्हिसबाईंनी आधी ऑर्बिनकडे पाहिलं, मग डिलर्डकडे. त्यांचे डोळे कोरडे झाले होते. त्यांनी त्याचा हात सोडला नाही. उलट आवळला आणि आवाज चढवला. ओळ संपल्यावरही लाल दिवा पेटलेलाच होता.

प्रार्थनेनंतर बाहेर झाडाखाली टेबलं मांडली होती. तळलेली कोंबडी होती, घेवड्याच्या शेंगा होत्या, मक्याची भाकरी होती. डिलर्डच्या जवळ कुणी ताटली नेली नाही. कॅमेरेवाल्यांचे फोन सारखे वाजत होते. शेवटी तोच ऑर्बिनजवळ आला.

"आत्याने मला माफ केलं होतं, काका. तिने स्वतः सांगितलं होतं मला."

"हो. केलं होतं."

"मग ते कडवं कुणाचं? तिचं तर नाही ते. तिने असलं कधी केलं नसतं."

ऑर्बिन भाकरी मोडत होता. इथूनही टेकडी दिसत होती, पण त्याने तिकडे पाठ करूनच खुर्ची घेतली होती.

"कुणाचं का असेना," तो म्हणाला. "यालाही तुझंच नाव लाव."